मेव्हण्याला जागं ठेवण्याचं यंत्र

सोमवारी सकाळच्या गाडीने चंदू कायमचा मुंबईला जाणार होता, आणि आदल्या मंगळवारपर्यंत तरी सुशांतरावांच्या यंत्राला जागा माणूस आणि झोपलेला माणूस यांतला फरक कळत नव्हता.

चंदू म्हणजे त्यांचा मेव्हणा. पोलादपूर स्टँडवरून आंबेनळी घाटात वडापची, माणशी भाड्याची, जीप चालवायचा. शिमग्याला मुंबईकर गावी उतरले, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि एका भर दुपारी घाटातल्या वळणावर त्याचा डोळा लागला. किती लागला, तर एक पापणी खाली जाऊन वर येईपर्यंत. पण तेवढ्यात जीप कठड्याला घासत गेली आणि डावीकडचा दिवा निखळून दरीत पडला. पडताना तो बराच वेळ वाजत होता, असं उतारूंनी नंतर सांगितलं. माणसांना साधं खरचटलंही नाही. तरी त्याच संध्याकाळी उमरठच्या वरच्या वाडीत चंदूच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, जीपची चावी मागून घेतली, लुगड्याच्या पदराला बांधली आणि पदर कमरेला खोचला.

त्या गाठीला आता तीन आठवडे झाले होते. चंदूने मागून पाहिलं, रुसून पाहिलं, एक वेळचं जेवणही सोडून पाहिलं. गाठ सुटली नाही. मग त्याने पिशवी भरली. मुंबईत कुठल्याशा सोसायटीत रखवालदाराची जागा रिकामी होती. भर दुपारी बसल्या जागी झोपणाऱ्या माणसाला रखवालदार नेमणाऱ्या त्या सोसायटीबद्दल सुशांतरावांना मनापासून कणव वाटली. पण समोर त्यांची बायको, नीला, डोळे पुसत होती.

“तो गेला तर आई एकटी पडेल त्या डोंगरात,” नीला म्हणाली. “आणि आईने चावी दिली तर...” पुढचं वाक्य तिने दरीच्या तोंडाशीच सोडलं. “तुम्ही शाळेत एवढी यंत्रं हाताळता. याच्यावर काही नाही का हो?”

आता सुशांतराव महाडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक. बावीस वर्षं ते परीक्षानळ्या धूत होते, मास्तरांच्या हातात चुंबक देत होते, आणि मास्तर मुलांना सांगत होते, “बघा हं, मी आता काय करतो ते.” बावीस वर्षांत ‘तुम्हाला काही करता येईल का’ असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते आज, आणि तेही घरच्या माणसाने.

“आहे,” ते म्हणाले. नव्हतं.

वाडीत निरोप गेला. चंद्रभागाबाईंचं उत्तर फोनवर आलं तेही गाठ मारल्यासारखं. “यंत्र दावा, जावयबापू. माझ्या डोळ्यांसमोर चंदूला झोपंतून उठवून दावा. मग चावी देते. नायतर जाऊ दे त्याला मुंबईला. लांब असंल, पन असंल तरी.”

शेवटचे पाच शब्द सुशांतरावांच्या छातीत जाऊन बसले आणि तिथून हलेनात.

खालच्या मजल्यावर मंगेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पुराची रेघ भिंतीवर होती तिच्या वरच्या फळीवर तो कामाचं सामान ठेवायचा आणि खालच्या फळीवर उधारीवाल्यांचे फोन. त्याने एका मोडक्या मोबाईलचा कॅमेरा काढून दिला. शाळेच्या प्रार्थनेचा जुना स्पीकर पुरात भिजून वाळला होता, तो सुशांतरावांनी अर्ज करून मिळवला. डबा घरचा, पोळ्यांचा. कॅमेऱ्याने चालकाचे डोळे बघत राहायचे, ते दोन सेकंदांपेक्षा जास्त मिटले की डब्याने ओरडायचं, एवढी सोपी गोष्ट. सुशांतरावांनी नवी वही काढली, पहिल्या पानावर ‘नियम’ असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा मारल्यावर माणसाला आपण संशोधक असल्यासारखं वाटतं.

पहिला प्रयोग मंगळवारी झाला, समोरच्या बिऱ्हाडातल्या राजेशभाऊंच्या उभ्या गाडीत. राजेशभाऊ एका सरकारी कचेरीत कारकून, माणूस भला, पण डोळे देवाने देतानाच अर्धे मिटून दिलेले. ते चाकामागे बसले मात्र, डबा किंचाळायला लागला.

“मी जागा आहे,” राजेशभाऊ म्हणाले.

डबा किंचाळला.

“अहो, मी जागा आहे. सुशांतराव, याला सांगा.”

सज्जात त्यांची बायको कपडे वाळत घालत होती. “लग्न झाल्यापासून मीपण हेच विचारतेय,” ती खाली न बघताच म्हणाली.

राजेशभाऊ गाडीतून उतरले ते डोळे जमतील तेवढे मोठे करून. जाता जाता त्यांनी एक सल्ला दिला, आणि रागाच्या भरात दिलेला सल्ला हमखास सरकारी असतो. “असलं काही गाडीत बसवायला परवानगी लागते. नसेल तर गाडीच जप्त.”

म्हणून बुधवारी सुशांतराव किरकोळ रजा टाकून वाहनांच्या कचेरीत गेले. तीन खिडक्या फिरल्यावर एका खिडकीने अर्ज वाचला.

“हे काय आहे? भोंगा, दिवा की आरसा?”

“हे चालकाला जागं ठेवतं.”

“म्हणजे तुमचा चालक झोपतो.”

“कधी कधी.”

“मग तसं लिहून द्या. ‘आमचा चालक गाडी चालवताना झोपतो.’ खाली सही. त्याच्या परवान्याचा नंबर.”

सुशांतरावांना पुढचं सगळं दिसलं. परवाना जाईल, मग चावी असून नसून सारखीच. त्यांनी अर्जाचं दुसरं टोक धरलं. “नाही नाही. आमचा चालक झोपत नाही.”

“मग यंत्र कशाला?”

खिडकी उत्तराची वाट न पाहता जेवायला गेली. सुशांतराव अर्जाची घडी खिशात घालून परत आले. तिथून पुढे त्यांच्या यंत्राला सरकारदरबारी अस्तित्व राहिलं नाही. ते आता फक्त घरातल्या माणसांचं होतं.

शुक्रवारी ते डबा घेऊन वाडीत गेले. चंद्रभागाबाईंनी गाठ सोडली, पण अट घालून. जीप घरापुढच्या सुक्या खाचरातच फिरेल, माणसाच्या चालीने, आणि त्या स्वतः बांधावर उभ्या राहतील. राजेशभाऊंच्या प्रसंगातून शिकून सुशांतरावांनी डब्याला आता चंदूचे डोळे ओळखायला शिकवलं होतं. चंदूने जीप सुरू केली, ठरल्याप्रमाणे डोळे मिटले, एक, दोन, आणि डबा असा किंचाळला की चंदू जागच्या जागी वीतभर उडाला. उडताना चाक फिरलं. जीप सावकाश, कुणाला काही तक्रार करायला जागा न ठेवता, पेंढ्याच्या उडवीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने पेंढ्यातून चंदूचा आवाज आला. “भावोजी, उठलो मी.”

“उठलास खरा,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. चावी पुन्हा पदरात गेली. “जावयबापू, राग नका मानू. झोपंनं नाय मेला तो या भोंग्यानं मरंल. घाटात उडवी कुठं हाय?”

सुशांतरावांनी वहीत लिहिलं. नियम तिसरा : चालकास दचकवू नये. पहिले दोन नियम कोणते ते त्यांनाही आता आठवत नव्हतं.

संध्याकाळी सगळे ओटीवर बसले. चंदूची पिशवी खुंटीला लटकत होती आणि प्रत्येक जण तिच्याकडे सोडून दुसरीकडे बघत होता. डोंगरावरून सावली उतरत उतरत अंगणापर्यंत आली. कोपऱ्यात जातं होतं, पालथ्या घातलेल्या परातीखाली. नीलाची नजर त्याच्यावर गेली.

“माणसाला प्रेमाने उठवावं,” ती म्हणाली. “आई दळायला बसायची ना, तिची ओवी कानावर पडली की मी टक्क जागी. कुणी हाक मारायची गरज नाही. उठायचं आणि खुंट्याला हात लावायचा.”

“आणि मी?” चंदूने विचारलं.

“तू काय, लाडोबा. तू आईच्या मांडीवर.”

सगळे हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या घरात हसू उमटलं, आणि त्या हसण्यात नीला काय बोलून गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, सुशांतरावांच्या तर नाहीच. त्यांच्या डोक्यात डबा चालू झाला होता. भोंगा काढायचा आणि आईची ओवी घालायची. दचकणं नाही, उडणं नाही. माऊलीच्या हाकेने लेकरू उठणार. मास्तरांनी कितीही चुंबक फिरवले तरी त्यांना हे सुचलं नसतं.

पण चंद्रभागाबाईंना नुसतं बसून ओवी येईना. “जात्याबिगर तोंडात येत नाय ती,” त्या म्हणाल्या. मग परात उचलली, पसाभर नाचणी आणली, जातं पुसलं. त्यांनी खुंटा धरला, एक फेरा दिला, आणि त्या घरघरीच्या पोटातून आवाज आला. तो आवाज पासष्ट वर्षांच्या बाईचा नव्हता. तो कुठल्या वयाचा नव्हताच.

तांबडं फुटलं गो, सावित्रीच्या पान्यावरी
जाग माझ्या लेकराला, डोंगराच्या वाटंवरी

स्वतःच्या मोबाईलवर सुशांतरावांनी ती घरघरीसकट टिपून घेतली. नीलाचे डोळे भरले. चंदू भिंतीला टेकून बसला होता. त्याचेही डोळे मिटले होते. सुशांतरावांना वाटलं, गहिवरला असेल.

रविवारी खरी परीक्षा. चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांसमोर, खऱ्या घाटात, खऱ्या झोपेवर. आता खरी झोप आणायची तर शास्त्रशुद्ध आणली पाहिजे, म्हणून सुशांतरावांनी स्वतः फर्माईश केली. कोंबडीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, वर भात. चंदूला आग्रह करकरून वाढलं. ओघाओघाने सासूबाईही जेवल्या, नीलाही जेवली. सुशांतरावांना धास्तीने दोन घासांपलीकडे गेलं नाही, एवढंच त्या दिवसाचं नशीब.

प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत चढताना चंदू गप्पा मारत होता. तिकडे रायगडाखालच्या हिरकणीवाडीचे हॉटेलवाले कसे उतारू पळवतात, रोपवेला कशी रांग असते, अमुक वळणावर माकडं कशी काच वाजवतात. डबा समोर दिमाखात बसला होता. त्याची बॅटरी ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून सुशांतरावांनी ती हँडब्रेकच्या दांड्याला काळ्या पट्टीने सात वेढे देऊन बांधली होती. दांडा नाहीतरी मोकळाच होता.

फाट्यावर चहा न घेता जीप वळवली. चहा घेतला तर प्रयोग बाटेल, असं सुशांतराव म्हणाले. दुपारचे दोन वाजत आले होते. रस्ता तापून मऊ झाल्यासारखा दिसत होता, दरीत वाऱ्याचं नाव नव्हतं. उतरताना पहिली दोन वळणं चंदू शीळ घालत होता. तिसऱ्या वळणाला शीळ थांबली.

सुशांतरावांनी मान न हलवता बघितलं. चंदूची पापणी जड झाली होती. खाली गेली, वर आली. खाली गेली. एक. दोन. डब्यावरचा लाल दिवा लागला.

यंत्राने बरोबर ओळखलं. हे सुशांतरावांनी पुढे प्रत्येकाला न विचारता सांगितलं, की बाकी काहीही असो, यंत्राने बरोबर ओळखलं.

जातं घरघरलं आणि पुरात भिजून वाळलेल्या स्पीकरमधून चंद्रभागाबाई गायला लागल्या. तांबडं फुटलं गो, सावित्रीच्या पान्यावरी.

चंदूच्या कपाळावरची आठी विरली. गाल सैल झाले. मिशीखाली ओठ किंचित उघडले आणि तो चौतीस वर्षांचा, दोन वेळा परवाना नवा केलेला गडी बघता बघता चार वर्षांचा दिसायला लागला. जाग माझ्या लेकराला. त्याची मान डावीकडे कलली, थोडी आणखी कलली, जशी काही तिथे मांडी असावी.

तू आईच्या मांडीवर. नीलाचं शुक्रवारचं वाक्य सुशांतरावांना रविवारी ऐकू आलं.

एकाच घरात, एकाच जात्याशी, एकीला उठायला शिकवलं होतं आणि एकाला झोपायला. ओवी तीच. आणि डबा तर प्रामाणिक. डोळे मिटलेत तोवर गात राहायचं, हे त्याला सुशांतरावांनीच शिकवलेलं. चंदू जितका झोपत होता तितका तो गात होता, आणि जितका गात होता तितका चंदू झोपत होता.

त्यांनी मागे पाहिलं. सासूबाई स्वतःच्याच ओवीवर डोलत घोरत होत्या. जिने चंदूला उठवायला हवं होतं ती नीला, जिला ओवीने टक्क जाग येते ती नीला, कालवणभातापुढे हरून आईच्या खांद्यावर कलंडली होती. जीपमध्ये जागे दोघेच. एक सुशांतराव आणि एक यंत्र, आणि यंत्र विरोधी पक्षात.

त्यांनी हँडब्रेक धरला. हातात बॅटरी आली. नखाने पट्टी उचकटू लागले. सात वेढे. पट्टी चांगल्या प्रतीची होती, हे दुकानदाराने सांगितलंच होतं. जीप उताराने स्वतःच्या मनाने चालली होती आणि समोर वळणावरचे पांढरे दगड एकेक करून मोठे होत होते.

ओरडावं किंवा हलवावं तर नियम तिसरा. ओरडलं की चंदू उडणार, उडला की चाक फिरणार, आणि इथे उडवी नव्हती. हळू आवाजात उठवायला हवं. दचकवायचं नाही, पण झोपू द्यायचं नाही. सुशांतरावांनी डब्याची वायर उपटली. ओवी अर्ध्यावर तुटली. चंदूच्या चेहऱ्यावर लेकराचा हिरमुसलेपणा आला, पण डोळे उघडले नाहीत. त्या शांततेत सुशांतरावांना दुसरं काही सुचलं नाही. ज्या माणसाने शाळेच्या प्रार्थनेतही बावीस वर्षं नुसते ओठ हलवले होते, तो गायला लागला.

“तांबडं फुटलं गो... डोंगराच्या पान्यावरी...”

सूर कुठे होता ते विचारू नये. चंदूच्या कपाळावर आठी आली.

दगड जवळ आले. दुसरी ओळ काय होती, काय होती, असं म्हणेपर्यंत तोंड पुढे गेलं. “जाग माझ्या लेकराला... सावित्रीच्या... डांबरीवरी...”

“चुकलं,” चंदू झोपेतच पुटपुटला.

“डांबरीवरी,” सुशांतराव रडकुंडीला येऊन पुन्हा गायले.

चंदूचे डोळे उघडले. दचकून नाही, वैतागून. जसे खळ्यातल्या भजनात कुणी टाळ उलटा मारल्यावर उघडतात तसे. “डांबरी नाय हो भावोजी. डोंगराला कधी पानी असतंय? आन् नदीला डांबर?” बोलता बोलता त्याच्या हातांनी चाक उजवीकडे घेतलं, पायाने ब्रेक दाबला, आणि पांढरा दगड जीपच्या अंगाला न लागता मागे गेला. मध्ये हातभर जागा उरली असेल. सुशांतरावांनी नंतर ती हातभर सांगितली; त्या वेळी त्यांना ती बोटभर दिसली होती.

मागून, डोळे न उघडता, चंद्रभागाबाई म्हणाल्या, “आन् ‘माझ्या लेकराला’ काय. तुमचा मेव्हना हाय तो.”

पुढच्या रुंद जागेत जीप थांबली. चौघं उतरली. खाली कुठेतरी झाडीत सावित्रीचा झरा वाजत होता. मग चंद्रभागाबाईंनी विचारलं, “उठला का यंत्रानं?”

“उठलो,” चंदू म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

नीला नवऱ्याकडे बघत होती. चावी जीपला लागलेली होती; त्यांनी फक्त मान हलवायची होती. चंदू राहिला असता, आईला सोबत झाली असती, आणि बावीस वर्षांनी एकदा, फक्त एकदा, ‘बघा, मी काय केलं’ असं म्हणायला मिळालं असतं. सुशांतरावांनी मान हलवायला घेतली. मग त्यांना दरीत पडणारा दिवा आठवला, बराच वेळ वाजत गेलेला.

“नाही, आई,” ते म्हणाले. “यंत्राने झोपवला. तुमच्या ओवीने. मी गायलो, चुकीचं गायलो, म्हणून उठला.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, हँडब्रेकच्या वेढ्यांसकट. सांगून झाल्यावर ते दगडावर बसले.

चंद्रभागाबाईंनी चावी काढून आणली. पदराचं टोक हातात घेतलं. चंदूने मान खाली घातली. पण त्यांनी गाठ मारली नाही. त्या जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“गाऊन दावा.”

“आता?”

“तसंच. चुकून.”

आंबेनळी घाटात, भर उन्हात, दोन बायका, एक मेव्हणा आणि चार माकडं यांच्यासमोर सुशांतराव गायले. पहिल्या ओळीला नीलाने तोंडाला पदर लावला. दुसरीला चंदू कानांवर हात ठेवून म्हणाला, “आये, थांबव यांना. मेलेला मानूस बी उठंल.”

“मग हेच घाला डब्यात,” चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि चावी चंदूच्या हातावर ठेवली. “आन् जेवन हलकं. आन् फाट्यावर च्या घ्यायचा. आन् दोन फेऱ्यांत अर्धा घंटा पडायचं.”

सोमवारची गाडी चंदूला न घेता गेली. पिशवीत आता जीपची फडकी असतात.

डबा बोलतो तो सुशांतरावांच्या आवाजात. चंदूचा डोळा जड झाला की प्रार्थनेच्या स्पीकरमधून ‘डोंगराच्या पान्यावरी’ सुरू होतं, आणि चंदूच्या आधी मागचे उतारूच ओरडतात, “चुकलं, चुकलं.” त्या जीपमध्ये घाट संपेपर्यंत कुणालाच झोप येत नाही. स्टँडवरचे आणखी तीन चालक मंगेशकडून ती ओवी मोबाईलवर घेऊन गेले. राजेशभाऊही घेऊन गेले, कचेरीतल्या दुपारसाठी. शाळेत मास्तरांनी विचारलं, “सुशांत, तुम्ही गाता म्हणे?” तेव्हा सुशांतराव परीक्षानळी उजेडात धरून म्हणाले, “संशोधनापुरतं.”

एक मात्र त्यांना बोचत राहिलं. सबंध तालुक्यात आपला आवाज फिरतो तो चुकीच्या ओळीसह. म्हणून एका रविवारी त्यांनी नीलाकडून ती ओवी नीट शिकून घेतली. आठवडाभर घोकली. सूर लागला, शब्द जागेवर बसले. शनिवारी दुपारी खिडकीशी उभं राहून त्यांनी ती पूर्ण, बिनचूक म्हटली. स्वयंपाकघरातून नीला धावत आली आणि तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हाताला पीठ लागलेलं होतं.

“गप्प बसा हो. चंदू घाटात असेल.”

मंगेशकडे जाऊन नवीन ओवी टिपून घ्यायचा बेत त्यांनी तिथेच सोडला.

आता दर महिन्याला एकदा वाडीतून फोन येतो. चंद्रभागाबाई आधी नातवंडांची चौकशी करतात, मग पाण्यापावसाची. फोन ठेवता ठेवता आवाज जरा खाली आणतात.

“जावयबापू, ती ओवी. अजून नीट येत नाय ना?”

सुशांतराव खिडकीबाहेर बघतात. बिनचूक दोन्ही ओळी जिभेवर येऊन थांबलेल्या असतात.

“नाही, आई,” ते म्हणतात. “जमतच नाही.”

“बरं हाय,” त्या म्हणतात. “नका शिकू.”